वाघजाई आली नाही

मे महिन्यात कोयनेचं पाणी उतरलं की शिवसागर जलाशयाच्या काठाला तांबड्या मातीचा रुंद उतार उघडा पडतो. वर रान, खाली पाणी, मधे हा उतार. ओल टिकून असते तोवर त्याच्यावर कोवळं गवत येतं. पोफळीच्या वीजघरातल्या जनित्रांनी जेवढं पाणी ओढलं तेवढं गवत खाली सरकतं आणि गवताच्या मागोमाग गवे. बामणोलीहून वासोट्याकडे निघालेल्या बोटीतली मंडळी कळप दिसला की उभीच राहतात, बोट कलते, बोटवाला ओरडतो. मग कुणीतरी म्हणतंच, "काय हे जंगल! हजारो वर्षं असंच असेल, नाही?"

आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, बरीच वर्षं याच पाण्यावर लाँच चालवत. या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं. समोरच्या गच्च झाडीकडे बोट दाखवून म्हणायचे, "ते बघा, तिथं आमची नाचणी होती."

पश्चिम काठाचं पुष्कळसं रान माझ्या वडिलांपेक्षा वयानं लहान आहे. ते कसं आलं हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीत. आमच्या घरात अशी दोघं होती, आजी आणि तात्या. आजी गेली. तात्या आहेत, पण त्यांना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे गोष्ट मधेच अडवून शंका काढायची सोय राहिलेली नाही. गोष्टीच्या दृष्टीनं ते बरंच आहे.

आधी खोरं समजून घ्यायला हवं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि दोन डोंगररांगांच्या मधून पासष्टेक किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते. हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते, तो प्रीतिसंगम. या अरुंद खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पश्चिमेची रांग ओलांडली की एकदम कोकणचा कडा. म्हणजे पाणी वर अडवायचं, डोंगराच्या पोटातून बोगदा काढायचा आणि पावणेपाचशे मीटर खाली चिपळूणच्या अंगाला सोडायचं. टाटांच्या लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ही जागा हेरली होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत ते मागं पडलं. स्वातंत्र्यानंतर सरकारनं हाती घेतलं. १९५४ साली काम सुरू झालं, १९६२ मध्ये डोंगरात खोदलेल्या पोफळीच्या वीजघरातलं पहिलं जनित्र फिरलं. १०३ मीटर उंचीची भिंत, तिच्यामागं पन्नासेक किलोमीटर लांबीचं पाणी, काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी. आकडे एवढे पुरेत.

आजी लग्न होऊन या खोऱ्यात आली तेव्हा गावात कर्ता पुरुष औषधालाही सापडत नसे. सगळे मुंबईत, गोदीत नाहीतर दाणाबंदरात, पाठीवर ओझी वाहायला. जावळी-पाटणचा माणूस आणि मुंबईतलं माथाडीकाम ही जोडी जुनीच. माथाड्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. एका गावाची मुंबईत एक खोली, तीत गावची माणसं पाळीपाळीनं झोपायची. आजोबा त्यातलेच. गाव चालवायच्या त्या बायका, म्हातारे आणि पोरं. नदीकाठच्या खाचरांत भात आणि वर डोंगरावर कुमरी.

कुमरी म्हणजे उतारावरची झाडंझुडपं तोडायची, वाळली की पेटवायची आणि त्या राखेत नाचणी-वरी पेरायची. दोन-तीन वर्षांत जमीन दमली की पुढच्या तुकड्यावर जायचं. त्यात भर म्हणून कोळसा पाडणं, गुरं, सरपण, आणि वर सड्यावर धनगरांच्या म्हशी. १६५६ साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली तेव्हा या रानाचा धाक मोठमोठ्या सरदारांना होता. आजीच्या सुनपणात घरामागच्या डोंगरावर सावलीला झाड शोधावं लागे. रान अगदीच संपलं होतं असं नाही. घळींमध्ये, देवराईत, वासोट्याच्या पायथ्याला ते तग धरून होतं. डुक्कर, भेकर, ससा ही जनावरं असायची, आणि दिसली की त्यांची शिकारही व्हायची. "गवा म्हंजे काय असतं, आमाला ठावंच न्हवतं," आजी सांगायची. ती हे जरा अपराधी सुरात सांगायची असं मला वाटे, पण तो माझाच समज असेल. ती सांगायची ते भाकरी थापता थापता.

मग साहेब आले. आजीच्या गोष्टीत ते नेहमी तीन असत आणि तिघांच्याही डोक्यावर टोप्या असत. त्यांनी डोंगराच्या अंगाला दगडांवर चुन्याच्या खुणा केल्या आणि सांगितलं, पाणी इथवर येणार. खूण गावाच्या कितीतरी वर, गुरं चारायला जात तिथं होती. "आमी बाया हसलो. म्हनलं, ह्येला नदी कुटं हाय आनि दगूड कुटं हाय, ह्येचा तरी पत्त्या हाय का! त्यो बी हसला. त्याला वाटलं आमाला कळलं."

शंभराच्या आसपास गावं उठली. कुणाला ठाण्याकडे जमीन, कुणाला सोलापुराकडे, कुणाला कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात. काहींना कुठंच जायचं नव्हतं. ती घरं वासे-कौलं काढून खुणेच्या वर सरकली. आमची भावकी इथंच तुटली. निम्मी खाली कोकणात गेली, निम्मी पूर्वेच्या डोंगरावर वर चढली. आजी चढणाऱ्यांतली. पण चढण्यापूर्वी देवांना विचारायला हवं होतं.

कौल लावायला गुरवानं आदल्या दिवशी उपास धरला. भैरवनाथ ग्रामदैवत, त्याला तांदळाचे दाणे लावले आणि त्यानं पहिल्याच झटक्यात उजवा कौल दिला. देव यायला तयार. त्याला पाटीत बसवून, वर घोंगडी टाकून, वाजतगाजत वर नेला. वाघजाईचं ठाणं मात्र नदीच्या पश्चिमेला, खुणेच्या वर, घळीत. तांदळा शेंदराचा, शेजारी दगडात कोरलेला वाघ, ज्याचा एक कान उडालेला आहे. तिला विचारलं, डावा कौल. पुन्हा विचारलं, पुन्हा डावा. गुरव म्हणाला, आई येत नाही म्हणते. बायकांनी तिची ओटी भरली आणि तिला तिथंच ठेवलं. पाणी तिच्यापर्यंत येणारच नव्हतं, तेव्हा तिचं बरोबरच होतं, असं तात्या म्हणतात. आजीचं म्हणणं वेगळं. तिच्या मते वाघजाईला ठाऊक होतं की आता आपलं राज्य येणार.

पहिल्यांदा पाणी चढलं तो पावसाळा तात्यांच्या चांगला लक्षात आहे. ते तेव्हा दहा-बारा वर्षांचे. पूर असता तर पाणी गर्जत आलं असतं. हे गुपचूप आलं, सकाळी उठावं तर बांध दिसेनासा, दुसऱ्या दिवशी आंबा कमरेएवढा बुडालेला. बिळांतून सगळं बाहेर पडलं. साप, उंदीर, विंचू, घोरपडी. पेंढ्याची एक गंजी सुटून तरंगत आली, तिच्यावर साप आणि उंदीर एकत्र बसलेले, कुणी कुणाला खात नव्हतं. तात्यांनी काठीनं ती गंजी काठाला ओढून घेतली आणि त्याबद्दल मार खाल्ला.

आजोबांच्या मुंबईच्या खोलीत दिवा होता. ते दिव्याखाली बसून घरी पत्र लिहीत, की हा आपल्याच नदीचा उजेड आहे. मुंबईच्या तारांमधून तेव्हा टाटांच्या जुन्या धरणांचीही वीज वाहत होती, पण हे आजोबांना सांगायची कुणाची छाती नव्हती. वर सरकलेल्या गावात दिवा यायला मात्र मी शाळेत जायला लागेपर्यंत वाट बघावी लागली.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनेच्या प्रत्येक घरात ही वेळ पाठ असते. सहाच्या वर रिश्टरचा भूकंप, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरात पडझड झाली, धरणाच्या भिंतीला वरच्या अंगाला तडे गेले. पुढं ते बुजवून भिंतीला मागून टेकू देऊन ती भक्कम केली. एवढं पाणी एका जागी साठवल्यानं जमिनीतल्या भेगा हलतात, हे जगाला समजावून सांगायला भूवैज्ञानिक अजूनही कोयनेचं नाव घेतात, आणि खाली काय चाललंय ते बघायला त्यांनी या भागात तीन किलोमीटर खोल बोअरही घेतली. आजीच्या गोष्टीत आदल्या रात्री कुत्री रडली होती. मी लहान असताना फक्त कुत्री होती. मी कॉलेजात जाईपर्यंत त्यात गाय, कोंबड्या आणि मासेही सामील झाले होते.

भूकंपानंतर आमच्या भावकीतली आणखी घरं खोरं सोडून खाली गेली. पलीकडचा काठ तर आधीच सुना पडला होता. खाचरं पाण्यात आणि कुमरीचे उतार पाण्यापलीकडे. नुसत्या नाचणीसाठी होडी वल्हवत कोण जाणार? रस्ते पाण्यात गेले होते. जलाशयानं पश्चिमेचा सगळा पट्टा कोकणचा कडा आणि पाणी यांच्यामधे कोंडून टाकला. त्या कोंडीत कुणी कुऱ्हाड नेली नाही, कुणी काडी लावली नाही. आधी कारवी माजली. सात वर्षांनी एकदा ती फुलते तेव्हा धनगर वर मधाला जात. कारवीच्या आडोशाला जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा उठली, घळींतलं जुनं रान हळूहळू उतारावर पसरलं. आजी म्हणायची, पहिली दहा वर्षं रान मुकं होतं, नुसतं वाढत होतं. मग एका वर्षी भेकराचं भुंकणं ऐकू आलं, नंतर सांबर.

वन्यजीवांविषयी लिहिताना धरणाच्या पाण्यानं प्राणी ओढले असं आपण सहज लिहून जातो. पाण्याला या खोऱ्यात कधी तोटा नव्हता. नदी होती, ओढे होते. तोटा होता तो माणूस नसलेल्या जागेचा. ती जागा धरणानं करून दिली, आणि ती करून देण्यासाठी आजीच्या पिढीला उचललं. १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झालं, ४२३ चौरस किलोमीटरचं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीतही ते गेलं. त्या कागदांवर नकाशा आहे, वनस्पती आहेत, पक्षी आहेत. कुमरी करणाऱ्या बायका त्यात कुठं बसवायच्या, हा प्रश्न त्या कागदांचा नसतोच.

पहिला गवा आमच्या घरात आजीनं पाहिला. उन्हाळा होता, पाणी खूप उतरलं होतं. ती काठाला गोवऱ्यांसाठी शेण गोळा करायला गेली होती. पलीकडच्या गवतात काळी जनावरं. तिला वाटलं धनगराच्या म्हशी सुटल्या. मग तिनं पाय पाहिले. "सगळी म्हस काळी, आनि गुडघ्याखाली पांढरं. जनू पोराला साळंत धाडायला मोजं घातल्यात. म्हनलं, ह्यो धनगर लईच शिकला!" कळपातल्या थोरल्या खोंडानं मान वर केली, पाठीवरचा उंचवटा दिसला, आणि त्यानं नाकातून असा काही फुत्कार टाकला की तो पाण्यावरून तिच्यापर्यंत आला. आजी शेणाची पाटी तिथंच टाकून घरी आली. पुढं ती गव्यांना "त्यो मोज्यावाला" असंच म्हणे.

तात्यांचं जनावर पाणमांजर. पलीकडचा काठ अभयारण्यात गेल्यानं तिकडं मासेमारी बंद, पण अलीकडच्या लोकांची जाळी पडत. जलाशयात कटला, रोहू सोडले होते; जुन्या नदीतला महाशीर होता. सकाळी जाळं ओढलं की मासे अर्धे खाल्लेले, डोकी तेवढी शिल्लक. तात्यांनी एकदा मला काठावरचा एक सपाट खडक दाखवला. त्यावर वाळलेली विष्ठा होती, बोटानं मोडली तर भुगा व्हायची, आणि त्या भुग्यात माशांचे खवले आणि खेकड्याच्या नांगीचे लालसर तुकडे चमकत होते. वास ओल्या माशाचा, पण त्यात काहीतरी गोडसर. "ही त्यांची चावडी," तात्या म्हणाले. "इथंच येऊन बसतात, इथंच करतात, दुसरीकडं नाही." थोड्या वेळानं पाण्यात डोकी वर आली, एकामागोमाग एक, चिवचिवाट करत, मोठं पुढं आणि पिल्लं मागं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि एका दमात सगळी बुडाली. जाळी फाडतात म्हणून तात्या त्यांना शिव्या घालतात. त्यांच्या चावडीच्या खडकाला मात्र लाँच कधी टेकवत नसत.

या जनावरांचं वर्ष पंचांगावर चालत नाही, ते वीजघरावर चालतं. धरणाचा हिशेब १ जूनला सुरू होतो आणि ३१ मेला संपतो. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपाच्या लवादानं पश्चिमेला वळवायला वर्षाकाठी ६७.५ टीएमसी पाणी दिलं आहे. ते पुरवून पुरवून वापरायचं. वीजप्रकल्पाचे चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून क्षमता १९६० मेगावॉट, त्यातली हजार एकट्या चौथ्या टप्प्याची. राज्यभर संध्याकाळी दिवे, पंखे, पंप एकदम सुरू झाले की कोयनेची जनित्रं फिरवतात, कारण औष्णिक केंद्रासारखी ती तापवत बसावी लागत नाहीत. पाणी सोडलं की वीज. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडलं, त्याला लेक टॅपिंग म्हणतात: बोगदा खणत खणत तळाखाली अगदी जवळ आणायचा आणि मधला उरलेला खडक सुरुंगानं उडवायचा. आशियात असं पहिल्यांदाच होत होतं म्हणून मोठी मंडळी आली होती. तात्यांनी काठावरून पाहिलं. त्यांचं म्हणणं, पाण्याला एकदा शिरशिरी आली, बास. २०१२ मध्ये दुसरं टॅपिंग झालं, ते पातळी आणखी उतरली तरी वीज काढता यावी म्हणून. पातळी जितकी उतरते तितकं काठाचं गवत वाढतं. मुंबईत ज्या मेमध्ये एसी जास्त चालतात त्या मेमध्ये कोयनेच्या गव्यांना चराई जास्त, असा याचा अर्थ निघतो.

डोंगराखाली गेलेलं हे पाणी वाशिष्ठीत सोडतात, त्यामुळे चिपळूणची नदी ऐन उन्हाळ्यातही वाहती राहते. रायगडातले आमचे भाऊबंद चिपळूणवरून येता-जाता पुलावर थांबतात आणि मगर दिसली तर फोन करतात की आपल्या पाण्यानं मगरी पोसल्या. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी पूर्वीपासूनच्या, पण हा वाद मी घालत नाही. गेलेल्या गावाचा काहीतरी वाटा कुठंतरी दिसावा असं त्यांना वाटतं.

राहिला वाघ. वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड, तेव्हा वाघ या खोऱ्याला नवा नाही. आजीच्या सासऱ्यांच्या काळात धनगरवाड्यावरच्या म्हशी वाघ नेई; आजीनं स्वतः कधी पाहिला नाही, फक्त ओढून नेलेल्या म्हशीची फरफट पाहिली. मग तो गेला तो गेलाच. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा आमच्याकडे लोक हसले, वाघाशिवाय व्याघ्र प्रकल्प म्हणून. पुढची कित्येक वर्षं तो विष्ठेतून आणि पाऊलखुणांतूनच कळायचा. २०१८ मध्ये कॅमेऱ्यात आला, मग थेट २०२३ च्या डिसेंबरात. हे वाघ दक्षिणेकडून, गोवा-कर्नाटकाच्या जंगलांतून डोंगररांग धरून वर येतात. एकटादुकटा नर यायचा आणि जायचा. माद्यांशिवाय त्याचं बस्तान बसणार नव्हतं, म्हणून विदर्भातून वाघ आणायचं ठरलं.

वाघांसाठी जागा मोकळी करायची म्हणजे आणखी गावं उठणं आलंच. मळे, कोळणे, पाथरपुंज यांच्या पुनर्वसनाचं भिजत घोंगडं वर्षानुवर्षं पडलेलं होतं. या गावच्या लोकांचं मत विचारलं तर ते दोन्ही बाजूंनी बोलतात. रस्ता नाही, दवाखाना नाही, पावसाळ्यात चार महिने जग तुटतं, गवे भात तुडवतात, पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पुढची पेरणी येते; तेव्हा जायचंय. पण जिथं पाठवाल तिथं आमच्या आधी गेलेल्यांचं काय झालं ते आम्ही बघितलंय. कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही जमिनीसाठी कोयनानगरला धरणं धरून बसत होते. हे माहीत असलेल्या माणसाला वाघासाठी उठ म्हणताना सांगणाऱ्याचा आवाज जरा खाली यायला हवा. वाघ हवा, असं मलाही मनापासून वाटतं. मी शहरात राहते, माझं भात कुणी तुडवत नाही, तेव्हा माझ्या वाटण्याची किंमत तेवढी धरावी.

वाघजाईची जत्रा आमच्याकडे अजून होते. तिच्या घळीत जायला आता परवाना लागतो. बोटीतून उतरलं की पिशव्या उघडून प्लास्टिकच्या बाटल्या मोजून घेतात आणि परत येताना तेवढ्या दाखवाव्या लागतात. कोंबडं कापायचं नाही, चूल पेटवायची नाही. आजी असती तर तिनं देवीला नैवेद्य काय शिळ्या पोळीचा दाखवायचा का, असं विचारलं असतं; तात्यांनी नारळावर भागवलं. वाटेत गव्यांच्या शेणाचे पो पडलेले असतात, शेकरूनं कुरतडलेली फळं, कुठं अस्वलानं उकरलेलं वारूळ. कान तुटलेला दगडी वाघ शेवाळानं हिरवा झालाय. बायका तो घासायला लागतात तेव्हा तात्या ओरडतात, राहू द्या तसाच.

वाघाची बातमी आल्यापासून रायगडचे भाऊबंद विचारतात, आता तिकडं जाणं बरं आहे का? माझी चुलती त्यांना फोनवर सांगते, "देवी वाघाची, आन् वाघाला भ्यायचं व्हय? भ्यायचं तर मोज्यावाल्याला भ्या. त्यो दिसला की झाडामागं व्हायचं, आन् सेल्फी-बिल्फी काडायची न्हाय." तरी सगळे यायचं म्हणतायत, पोरंबाळं धरून. परवाना मात्र मोजक्याच माणसांचा मिळतो, बोटीतही तेवढीच जागा. यंदा कुणाची नावं लिहायची यावरून भावकीत आत्ताच कुरबुर सुरू झाली आहे. वर सरकलेल्यांचं म्हणणं, आम्ही इथं राहिलो, आमचा हक्क आधी. खाली गेलेल्यांचं म्हणणं, आमचं तर सगळंच गेलं, निदान देवी तरी बघू द्या. तात्यांना विचारलं, तर त्यांना ऐकू आलं नाही.